स्प्लिट पिन

फोंडा, रविवार

प्रिय बाब्या,

मे महिन्यात तुझा फोन आला, मी मीटिंगमध्ये होतो. मागाहून करतो म्हटलं आणि आता गणपतीची चवथ दारात आली. माझं चुकलं. आम्ही सगळे बरे आहोत, आईची शुगर आटोक्यात आहे. छकुलीचा दहावीचा निकाल कळला, तिला शाबासकी सांग. वहिनींची बदली झाली का?

लिहायला बसलो ते एका स्प्लिट पिनमुळे, नट सुटू नये म्हणून बोल्टच्या भोकात घालतात ती दुपायी पिन. हे फोनवर मला बोलता आलं नसतं.

चिरंजीवाला गेल्या वर्षी १२५ सीसीची मोटरसायकल घेऊन दिली. कॉलेज आपलंच, फर्मागुडीचं. पंधरा दिवसांपूर्वी शोरूममध्ये सर्व्हिसिंग करून आणली. बिलात चेन क्लीनिंग, ब्रेक क्लीनिंग, ऑइल, त्यावर मजुरीला १८ टक्के जीएसटी, सगळं व्यवस्थित. पुढच्या शनिवारी पावसाची उघडीप होती म्हणून चिखल पुसायला मागच्या चाकापाशी बसलो. ब्रेकच्या पाटीला धरून ठेवणारी ती लोखंडी पट्टी, तिच्या बोल्टचं भोक रिकामं! नटाला बोट लावलं तर नट फिरला. पाना नाही, नुसतं बोट. पोरगा पाच दिवस त्या गाडीवरून फर्मागुडीची उतरण उतरत होता, तीही भर पावसात.

शोरूमवाल्यांना फाडून खायचं म्हणून शर्ट चढवला, आणि खिशात किल्ली टाकताना हात तिथेच थांबला.

९८ चा पाऊस आठव. तुमच्या मागीलदारी फणसाखाली यामाहा आरएक्स १०० उघडली होती. डालड्याच्या डब्यात रॉकेल, तू बॅटरी धरलेली, ब्रेक शू मी बसवले. दुसऱ्या दिवशी त्याच उतरणीवर तू पडलास, मनगट मोडलं, सेमिस्टर गेलं. तू सगळ्यांना सांगत होतास, मागचं चाक एकदम जाम झालं. कोणी ऐकलं नाही. खडी होती म्हणाले, टायर गुळगुळीत होता म्हणाले. मी म्हणालो, तूच घाबरून ब्रेकवर उभा राहिलास. तुझे बाबा म्हणाले, कंपनीत दिली असती तर! तू त्यांची बाजू घेतलीस म्हणून मी तुला भित्रा म्हणालो आणि दोन महिने आपण बोललो नाही.

बाब्या, तू पडलास त्या संध्याकाळी ती पिन माझ्या शर्टाच्या खिशात सापडली. नवी कोरी, पाय न वाकवलेली. नट ढिला होऊन पट्टी सुटली की ब्रेक दाबताच पाटी चाकाबरोबर फिरते आणि चाक धरतं. तू म्हणत होतास ते अक्षरशः खरं होतं. मी ती पिन विहिरीत टाकली आणि सत्तावीस वर्षं गप्प बसलो.

सोमवारी शोरूममध्ये गेलो. ज्याने काम केलं तो मुलगा आमच्या पोराएवढाच. चवथीआधीची गर्दी, दिवसाला दहा-बारा गाड्या त्याच्या अंगावर. भोक दाखवलं तर त्याचा चेहरा उतरला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, त्या दिवशीच्या सगळ्या गाड्या बोलावून तपास. बोलावतो म्हणाला. मॅनेजरकडे मी गेलो नाही. तेव्हापासून हेच खातंय मला. त्याची नोकरी वाचवली, की परत एकदा गप्प बसलो? कोणाची तरी गाडी आज तशीच उतरणीवर असेल तर?

आता गाडी घरीच करायची ठरवलंय. माझे हात त्या मुलाहून भरवशाचे आहेत, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? त्याच्याकडे बारा गाड्या होत्या, माझ्याकडे एकच होती आणि अख्खा दिवस होता. पण चेन, ब्रेक, केबल, एअर फिल्टर, प्लग एवढं घरी नक्की होतं. शोरूम हजारो किलोमीटरनंतर बघणार, आणि आपल्याकडे पावसात चेन आठवड्यात तांबडी होते, समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात तर बोल्ट जागीच धरतात. वॉरंटी आहे तोवर ठरलेल्या सर्व्हिसिंगला मात्र तिकडेच नेणार, शिक्का लागतो. शिवाय २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस६, म्हणजे धुराच्या कडक नियमातल्या, पेट्रोलच्या इंजेक्शनमध्ये बिघाड झाला की स्कॅनर लावावा लागतो, तिथे आपला पाना चालत नाही.

काल पोराला घेऊन बसलो. सुटं केलेलं सगळं एका वाडग्यात. वाडगं रिकामं झाल्याशिवाय किक मारायची नाही. जुनी पिन परत वापरायची नाही, नवी दोन-चार रुपयांना मिळते. नट मी आवळला, पिन त्याने घातली, पक्कडीने एक पाय बोल्टच्या टोकावर वळवला, दुसरा नटाला चिकटवला. मग मी त्याच्या नकळत पुन्हा बोट फिरवून पाहिलं. त्याने ते पाहिलं, आणि काही न बोलता स्वतःही फिरवलं.

माझा सतराचा पाना अजून तुझ्याकडे आहे, हे मी विसरलेलो नाही. चवथीला येताना घेऊन ये.

मॅनेजरला सांगू का, ते कळव. तू म्हणशील तसं करतो, उद्याच. आणि मनगट पावसात अजून दुखतं का, तेही खरं खरं लिही.

तुझा,
भाई