माळ्यावरचे यंत्रमानव भंगारात जाण्यापूर्वी

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या बडोद्यातील घरे पाडून तेथे सदनिका उभ्या राहू लागल्यापासून, आणि विशेषतः ऑगस्ट २०२४ मधील विश्वामित्री नदीच्या पुरानंतर, घराघरांतील माळे आणि अडगळीच्या खोल्या झपाट्याने रिकाम्या होत आहेत. तांब्या-पितळेची भांडी, लंबकाची घड्याळे, सागवानी दारे यांचे मोल आता लोकांना कळते. त्याच माळ्यावर पडलेला पत्र्याचा यंत्रमानव, चावीचे अवकाशयान किंवा ठिणग्या उडवणारी ‘किरण-बंदूक’ मात्र वजनावर भंगारवाल्याच्या हाती जाते. या खेळण्यांची दुर्मीळता किती आहे, याकडे आपल्या वाचकांचे आणि येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संग्रहालयशास्त्र विभागाचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

विज्ञानकथेतील कल्पना खेळण्याच्या रूपाने मुलांच्या हाती आल्या, त्याला आता नव्वद वर्षे होऊन गेली. छऱ्याच्या बंदुका बनवणाऱ्या अमेरिकेतील डेझी कंपनीने १९३४ मध्ये बक रॉजर्स या चित्रकथेच्या नायकाचे पिस्तूल बाजारात आणले आणि मुलांच्या त्यावर उड्या पडल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर या व्यवसायाचे केंद्र जपानकडे सरकले. पत्र्यावर रंगीत चित्रे छापायची, तो पत्रा साच्यात दाबून आकार द्यायचा आणि कडेच्या जिभा खाचांत घालून दुमडायच्या, अशा साध्या रीतीने तेथील लहान कारखान्यांनी यंत्रमानव आणि अवकाशयाने घडवली. ज्या खेळण्यावर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ (म्हणजे महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असलेल्या जपानमध्ये बनवलेले) असा ठसा असेल ते १९४७ ते १९५२ या काळातले, हे एवढ्यावरून सांगता येते. पुढे ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक आणि एप्रिल १९६१ मध्ये गागारिन अवकाशात गेल्यावर तर मासुदाया, नोमुरा, योनेझावा, होरिकावा अशा उत्पादकांमध्ये चढाओढच लागली. माणूस चंद्रावर पोहोचण्याआधीच चांद्रयाने मुलांच्या खोलीत धावत होती. त्या पिढीने भविष्यकाळ कसा कल्पिला होता, याचा इतका रोखठोक पुरावा मला दुसऱ्या कोणत्याही वस्तूत सापडत नाही.

ही खेळणी दुर्मीळ का झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. ती जपून ठेवण्यासाठी बनवलेलीच नव्हती. सेल आतच राहिल्याने क्षार गळून त्यांचे खटके आणि तारा गंजल्या, पावसाळी दमट हवेने पत्रा खाल्ला, आणि पत्र्याच्या धारदार कडांविषयी पालक सावध झाल्यावर व प्लास्टिक स्वस्त पडू लागल्यावर ती निर्मितीच मागे पडली. सर्वांत आधी नाहीसे झाले ते खोके. ते पुठ्ठ्याचे असत आणि खेळणे बाहेर काढताच फाडून टाकले जात; म्हणून आज मूळ खोक्यासह मिळालेल्या खेळण्याला नुसत्या खेळण्याच्या कितीतरी पट किंमत येते. मासुदायाच्या सुमारे पंधरा इंच उंचीच्या पाच यंत्रमानवांना जगभरचे संग्राहक ‘गँग ऑफ फाइव्ह’ म्हणतात. त्यांपैकी ‘मशीन मॅन’ हा इतका विरळा आहे की तो पाहायला मिळणे हीच मोठी गोष्ट समजली जाते.

काही वस्तूंची दुर्मीळता तर कारखान्यातच ठरली. ‘स्टार वॉर्स’च्या खेळण्यांची निर्मिती करणाऱ्या केनर कंपनीने बोबा फेट या पात्राच्या पाठीवरून अग्निबाण सुटेल असा नमुना तयार केला होता. त्याच सुमारास दुसऱ्या एका खेळण्याचा बाण घशात अडकून एक मूल दगावले. त्यानंतर केनरने उडणारा अग्निबाण रद्द केला आणि तो पक्का बसवलेले खेळणेच बाजारात पाठवले. मागे उरलेल्या मोजक्या नमुन्यांपैकी एक २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरना गेला. चित्रपटात प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तूंचे आकडे याहून मोठे आहेत. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधील रॉबी हा यंत्रमानव नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५३ लाख ७५ हजार डॉलरना विकला गेला.

हे आकडे वाचून कोणी माळ्यावर धाव घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. बहुतेक जुन्या खेळण्यांना अशी किंमत येत नाही. लाखोंनी निघालेली खेळणी आजही सहज मिळतात, आणि गाजलेल्या यंत्रमानवांच्या नव्या नकलाही जुन्या म्हणून विकल्या जातात. माझ्या मते पैशाचे मोल हे यातले सर्वांत लहान मोल आहे. आयात परवान्यांच्या काळात परदेशी खेळणे दुकानातून सहजी मिळत नसे. ते बहुधा आफ्रिकेतून, इंग्लंड-अमेरिकेतून किंवा जहाजावरील नोकरीतून परतणाऱ्या आप्ताच्या सामानातून येई. त्यामुळे बडोद्यातील घरात सापडणाऱ्या जपानी यंत्रमानवाला एका कुटुंबाचा आणि एका प्रवासाचा इतिहास असतो, जो लिलावाच्या सूचीत कधीच सापडणार नाही. भारतीय वस्तूंचेही तसेच आहे. फनस्कूल कंपनीने येथे काढलेल्या जी. आय. जो या सैनिकांच्या मालिकेतील काही बाहुल्यांची रंगसंगती अमेरिकी बाहुल्यांहून निराळी असल्याने परदेशातील संग्राहक त्या शोधत असतात, आणि आपण त्या मोडक्या खेळण्यांच्या टोपलीत टाकतो. इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांतून फ्लॅश गॉर्डन हा अवकाशकथांचा नायक आपल्या घरांत आला. ते अंकही रद्दीत जात आहेत.

कायद्याचा आधार येथे मिळत नाही. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार सर्वसाधारण वस्तूला किमान शंभर वर्षे झाल्याखेरीज तिला पुरावशेष मानता येत नाही. म्हणजे १९५५ च्या यंत्रमानवाने २०५५ पर्यंत तग धरला तरच त्याचा विचार होणार. तोवर काय उरेल? सयाजीराव महाराजांनी १८८७ मध्ये संग्रहालय स्थापन केलेल्या या शहरात, जेथे १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवले जाते, तेथे हे काम सुरू होणे अवघड नाही. कोणाकडून काही विकत घेण्याची किंवा दान मागण्याची गरज नाही. विद्यार्थ्यांनी घरोघरी जाऊन अशा वस्तूंची छायाचित्रे, मापे, ठसे आणि घरच्यांनी सांगितलेली हकिकत एवढी नोंदवावी, वस्तू मालकाकडेच राहावी, आणि पुढे सयाजीबागेतील तारांगणात वर्षातून एकदा तिचे प्रदर्शन भरवावे. मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचण्यास मराठी वाङ्मय परिषदेची मदत होऊ शकेल.

तोपर्यंत ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी कृपया ते साबणाने धुऊ नये, नव्याने रंगवू नये आणि फाटका खोका चिकटपट्टीने जोडू नये. या तिन्हींमुळे मूळ छपाई कायमची बिघडते. आतले सेल काढावेत, वस्तू कोरड्या जागी उन्हापासून दूर ठेवावी, आणि ती कोणी, कोठून, साधारण कोणत्या साली आणली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून तो कागद तिच्याबरोबर ठेवावा. विभागाने नोंदणीचे काम हाती घेतल्यास त्याची माहिती आपल्या वृत्तपत्रातून ठळकपणे प्रसिद्ध व्हावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे