वेचणीचं विचारणाऱ्या डॉक्टर ताईंना

प्रिय डॉक्टर ताई,

‘मी अजून डॉक्टर नाही, शिकतेय,’ असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण आमच्या घरात तुमचं नाव तेच पडलंय, आता बदलणार नाही.

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, आमचं तुमच्या वाट्याला आलं. खादीतली पोरं वह्या घेऊन दारात आली तेव्हा खरं सांगते, मी मनात म्हटलं, आले माहिती भरायला. कारण त्याआधी आईचं बीपी घेऊन आम्ही दोन दवाखाने पालथे घातले होते. एकात डॉक्टरांनी मान वर केली नाही. दुसऱ्यात माझ्यादेखत तिला झापलं, ‘गोळ्या खायच्या नसतील तर येता कशाला?’ आई पदराशी चाळा करत गप्प बसली. घरी येताना मीही तिच्यावर चिडले, ते आजही टोचतं.

तुम्ही मात्र ओट्यावर तिच्याशेजारी बसलात. गोळ्यांची अर्धी भरलेली पाकिटं बघितली आणि रागावण्याऐवजी एवढंच विचारलंत, ‘काकू, वेचणीला किती वाजता जाता?’

त्या एका प्रश्नावर आई बोलती झाली. ‘हे गोळी घेतली का घडीघडी लघवीले लागते वं पोरी. वावरात आडोसा नाही, बाजूनं माणसं. कोठी बसू?’ म्हणून कापूस सुरू झाला की गोळी बंद, वर पाणीही जेमतेम. मी तिची सख्खी मुलगी, मला हे ठाऊक नव्हतं!

पुढचं सगळं साधंच. कस्तुरबा रुग्णालयात तुम्ही सोबत आलात, तुमच्या सरांनी गोळी बदलून दिली.

१९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी हे कॉलेज खेड्यातच का काढलं असेल, ते मला त्या ओट्यावर कळलं. लघवी वाढवणारी गोळी कोणती, हे पुस्तकात असतं. वावरात आडोसा नसतो, हे पुस्तकात नसतं. हुशार डॉक्टर पुष्कळ भेटतील हो, पण समोरच्याची लाज सांभाळून विचारणारे किती? मार्कांत ते कुठे मोजतात कोण जाणे.

यंदाही आई वेचणीला जातेय. कमरेला ओटी, हातात पाण्याची बाटली. सकाळी भरून नेते, संध्याकाळी रिकामी आणते.

तुमची,
काकूंची मुलगी