तो गोल रिकामा ठेवल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

हे पत्र मी फार पूर्वीच लिहायला हवे होते; पण त्या दिवसाविषयी लिहायला बसले की अजूनही घसा दाटून येतो, म्हणून उशीर झाला.

आपल्याकडे येण्यापूर्वीच्या तीन वर्षांबद्दल फार लिहीत नाही. केस विंचरताना डावा हात भरून यायचा, बारीक ताप असायचा, आणि जावे तिथे अशक्तपणा किंवा मनावरचा ताण हेच उत्तर मिळायचे. एके ठिकाणी डाव्या दंडावर रक्तदाब लागेना, तेव्हा यंत्र बिघडले म्हणून दुसरे आणले, तेही चालेना तेव्हा पट्टा मुकाट्याने उजव्या हाताला बांधला. यंत्रे दोन्ही धडधाकट होती! पुढे ताकायासू आर्टरायटिस, म्हणजे महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतींना येणारी सूज, हे निदान झाले खरे. परंतु ज्यांनी ते केले त्यांनी ‘एचएलए-बी ५२ पॉझिटिव्ह’, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एका जनुकाचा बी ५२ हा प्रकार माझ्यात आहे, असा अहवाल आईच्या हाती ठेवला आणि ‘आनुवंशिक आहे’ एवढेच बोलून ते पुढच्या रुग्णाकडे वळले.

त्या दोन शब्दांनंतर आईची झोप गेली. ‘तिच्या माहेरचेच असणार’ असे म्हणणारे घरात होतेच, आणि ती स्वतःही आपल्या आजीपासूनच्या बायकांची दुखणी आठवून आठवून त्यांत माझा आजार शोधत बसायची.

आपण तो अहवाल बाजूला सारून कोरा कागद ओढलात. १९०८ साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी एका तरुणीच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांचे विचित्र कडे नोंदवले, तेव्हापासून आजवर या आजाराचे मूळ कारण पुरते उलगडलेले नाही, हे आपण आडपडदा न ठेवता सांगितलेत. सहाव्या गुणसूत्रावरचा बी ५२ हा प्रकार या रुग्णांत जास्त आढळतो, २०१३ मध्ये जपानमधील एका आणि तुर्की व उत्तर अमेरिकी रुग्णांवरील दुसऱ्या अभ्यासात आयएल१२बी या जनुकाजवळही असाच धागा सापडला. पण बी ५२ घेऊन जन्मलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही, आणि एकाच घरात दोघांना झाल्याची उदाहरणे विरळाच, हे आईला कळेल अशा भाषेत आपण समजावलेत. तो प्रकार आईकडून आला की बाबांकडून, हे शोधायचीही गरज नाही, असे म्हणालात. धाकट्या बहिणीची जनुकीय तपासणी नको, तिला काही त्रास जाणवला तर दोन्ही हातांची नाडी आणि रक्तदाब तेवढा पाहून घ्या, हे ऐकून आम्ही किती हलके झालो ते शब्दांत सांगता येणार नाही.

बोलता बोलता आपण आमचा वंशवृक्ष काढलात. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन, आणि आजारी माणसाची खूण पेन्सिलीने भरायची. माझा गोल आपण भरलात. आई बराच वेळ कागदाकडे पाहत होती, मग हळूच म्हणाली, “माझा अर्धा तरी भरायला हवा ना?” आपण पेन्सिल खाली ठेवलीत, खुर्ची तिच्याजवळ ओढलीत आणि म्हणालात, “नाही आई, तुमचा रिकामाच राहणार. तुम्ही तिला आजार दिलेला नाही.” मग तो कागद घडी करून तिच्याच हातात दिलात. बाहेर रांग होती, तरी आपण घड्याळाकडे पाहिले नाहीत.

औषधे कोणीही लिहून दिली असती, असे मी कृतघ्नपणे म्हणत नाही. आपल्या औषधांनीच माझी सूज आटोक्यात आहे. पण ज्ञान असलेली माणसे पुष्कळ भेटली, आणि समोरच्याच्या मनातला न विचारलेला प्रश्न ओळखणारी माणुसकी मात्र आपल्याकडेच दिसली. त्याबद्दल आम्ही दोघी आपल्या ऋणी आहोत.

तो कागद आईने माझ्या फाइलमध्ये लावू दिला नाही; तो तिच्या कपाटात आहे. आता ती रोज सकाळी माझी दोन्ही मनगटे धरून बसते. डावीकडे अजून काही लागत नाही. “उजवी छान चालली आहे,” असे म्हणते आणि कामाला लागते.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण