पृथ्वी बंद पडली होती का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतलं विज्ञान संग्रहालयावरचं अर्धं पान वाचलं. फोटो झकास आहेत. 'हात लावा, करून बघा, शिका' हेही ठीकच, पण लिहिणाऱ्याने स्वतः तिथे कशाला हात लावून बघितला का, एवढंच विचारायचंय. कारण मी गेल्याच महिन्यात भाचीला घेऊन अशाच एका ठिकाणी जाऊन आलो (कुठे ते लिहीत नाही, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको) आणि तिथे जे हाताने फिरवायचं त्याला दोरी बांधलेली होती आणि ज्याला हात लावायचाच नाही त्याला तिथलाच माणूस हात लावत होता.

म्हणजे फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाचा लंबक. १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये त्याने ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगला, तो बाजूला ओढून दोऱ्याने बांधला आणि दोरा जाळून सोडला. हाताने का नाही, तर बाजूचा जरासा धक्का बसला तरी सगळं मुसळ केरात. मग तिथे झोक्याची दिशा तासाला साधारण ११ अंश सरकताना दिसते, कारण खालची पृथ्वी फिरते. हे सगळं मी भाचीला रेलिंगपाशी उभं राहून रंगवून सांगितलं, आता बघ हं, दिशा सरकेल तशी भोवती गोलात उभी केलेली एकेक खुंटी पडेल, आणि गोळा ढिम्म. तारांगणाच्या शोला वीस मिनिटं होती म्हणून आम्ही तिथेच थांबलो. तेवढ्यात शाळेची सहल आली, त्यांना फोटो हवा होता, तर तिथले काका वाकले आणि झोक्यावरच्या पोराला ढकलतात तसा तो गोळा तळहाताने ढकलून दिला. गोळा वेडावाकडा गरगरत निघाला, चार खुंट्या एका दमात आडव्या, पोरांच्या टाळ्या. भाची म्हणाली, "मामा, पृथ्वी बंद पडली होती का?"

हवेच्या विरोधाने झोका मंदावतो म्हणून त्याला विद्युतचुंबकाने ओढ देत ठेवतात, तो बिघडला असेल, समजू शकतो. मग 'बंद आहे' अशी पाटी लावा ना! आता ती सगळ्यांना सांगत सुटलीये की पृथ्वी चालू करायला एक काका असतात.

तारांगणाबद्दल तर काय बोलावं. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि आमचा अख्खा शो पंचवीस मिनिटांचा, त्यात रॉकेटचं कार्टून जास्त आणि आकाश जेमतेम चार मिनिटं. सप्तर्षींवरून ध्रुव शोधतोय तोवर दिवे लागले, चला चला पुढची बॅच.

आणि जाता जाता, तुमच्या फोटोखाली 'तारांगणातील भव्य दुर्बीण' छापलंय. अहो, तो प्रोजेक्टर आहे! दुर्बीण बाहेरचा उजेड आत घेते, हा आतला उजेड बाहेर घुमटावर फेकतो. मागे ग्रहणाची वेळ चुकवलीत तेव्हाही मी लिहिलं होतं, ते पत्र काही छापलं नाहीत. हे छापलंत तर निदान दुर्बिणीची दुरुस्ती तरी शेजारी टाका.

आपला,
एक नियमित वाचक (अजून तरी)