दुतोंड्याच्या कंबरेपर्यंत

इंदिरानगर, नाशिक

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

पाळी जायच्या वयातल्या त्रासात तुम्ही मला हात दिलात, त्याचे आभार मानायला तोंड उघडलं की तुम्हाला गॅसवरचं दूध आठवतं. दोनदा झालं हे. म्हणून आता लिहूनच काढते, तेही चारचौघींना वाचता येईल असं. नाव घालत नाही. तसंही बिल्डिंगमध्ये तुम्हाला नावाने कोण ओळखतं? निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी वॉचमनपासून पोरांपर्यंत सगळ्यांच्या तुम्ही सिस्टरच.

मागच्या डिसेंबरातली ती पहाट आठवते? पारा दहाच्या खाली, आमचे हे दोन रजयांत गुरफटलेले, आणि मी साडेतीन वाजता गॅलरीत उभी. गाऊन पाठीला चिकटलेला, हातात कालचा पेपर, त्यानेच वारा घेतेय. खालच्या गॅलरीतून तुमचा आवाज आला, "वाफा येतात का गं अंगातून?" काय झालं, बरं नाही का, असलं काही नाही. थेट मुद्द्यालाच हात. नाईट ड्युट्यांनी तुमची पहाटेची झोप कायमची घालवली, ती माझ्या पथ्यावर पडली.

त्याआधीचं वर्ष मी कुणाकुणाचं ऐकून काढलं होतं. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी नव्हती ही थेरं. (त्याच बाई पन्नाशीच्या आत-बाहेर असताना भर थंडीत डोक्यावरून गार पाण्याच्या बादल्या ओतून घ्यायच्या, हे ह्यांनी मागाहून सांगितलं.) एका डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून कॅल्शियम दिलं. दुसऱ्यांनी "गर्भाची पिशवीच काढून टाकू, कटकट नको" म्हणून तारीखसुद्धा सुचवली. पिशवी काढून वाफा थांबत नाहीत, सोबत बीजकोशही काढले तर उलट एकदम भडकतात, हे मला तुमच्या ओट्यापाशी उभं राहून कळलं.

आणि कॅशचं तर मी घरातही बोलले नव्हते. एका पतसंस्थेत कॅश सांभाळते मी, एकोणीस वर्षं. त्या दिवाळीच्या आधी दोनदा संध्याकाळी दोन हजार कमी आले. दोन्ही वेळा पदरचे भरले. आपलं डोकं गेलं, आता आपण कामाच्या नाही, हे मनाशी पक्कं करून बसले होते. तुम्ही एवढंच विचारलंत, "रात्री किती वेळा उठतेस?" चार वेळा. "मग दुपारी नोटा कोण मोजणार, तुझी सावली?" त्या दिवशी मी महिन्यांनी हसले.

डॉक्टरीणबाईंकडे तुम्हीच नेलंत. त्यांच्याआधी तुम्हीच विचारून घेतलं होतं: घरात कुणाला स्तनाचा कर्करोग? पायात कधी रक्ताची गुठळी? लिव्हरचं काही? वाफांवर हार्मोनचं औषध असतं म्हटल्यावर मी ऐकीव भीती काढली, की हार्मोन घेतले की कॅन्सर होतो. तुम्ही "काही होत नाही" म्हणून मला झटकलं नाहीत, म्हणून माझा विश्वास बसला. ही भीती 2002 सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून पसरली, असं सांगितलंत. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं आणि इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीचं हार्मोन अशी दोन्ही एकत्र घेणाऱ्यांत, न घेणाऱ्यांपेक्षा दर 10,000 बायकांमागे वर्षाला साधारण 8 जास्त जणींना स्तनाचा कर्करोग झाला. "शून्य नाही, पण तुझं वय 48 आहे आणि तू रात्रभर झोपत नाहीस. दोन्ही तराजूत घाल." सोनोग्राफी झाली, मॅमोग्राफी झाली, बी.पी. बघितलं, आणि मग सुरू झालं: रोज मांडीला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल, आणि महिन्यातल्या बारा रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. जेल का, तर पोटातून घ्यायच्या गोळीने गुठळीचा धोका वाढतो, कातडीतून जाणाऱ्या औषधाने तसा वाढत नाही.

इथवर कुणीही केलं असतं म्हणा. माझे खरे आभार पुढच्या तीन महिन्यांचे आहेत.

मला वाटलं होतं, क्रोसिन घेतली की ताप उतरतो तसं होईल. पहिले पंधरा दिवस झालंही तसंच. तिसऱ्या आठवड्यात सगळं उलटलं. छाती ठणकायला लागली, अधेमधे डाग पडायला लागले, वाफा परत आल्या आणि मेथीची जुडी महाग लावली म्हणून मी भाजीवाल्यासमोर रडले. घरी येऊन जेलची ट्यूब कचऱ्यात टाकली. ती तुमच्या सांगण्यावरून परत काढली, पुसून.

तेव्हा तुम्ही गंगेचा दाखला दिलात. (बाहेरगावच्या वाचकांसाठी: नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात.) गावात पावसाचा थेंब नसतो, तरी रामकुंडावर पाणी चढतं, कारण वर गंगापूर धरणातून सोडलेलं असतं. जेल म्हणजे घरचा नळ, रोज ठरलेलं पाणी. पण तुझी पाळी अजून पुरती गेलेली नाही, बीजकोश अजून मनाला येईल तेव्हा दरवाजे उघडतात आणि बंद करतात. कधी पूर, कधी कोरडं. त्यात नळाची धार तुला पुरते की नाही हे कळायला तीन महिने लागतात. "रोजच्या रोज नदी बघून धरणाला शिव्या द्यायच्या नाहीत."

मग कॅलेंडर निघालं. दुधाच्या हिशेबाच्या खाली रोजची खूण. पुराचं माप सगळं नाशिक नदीच्या पात्रात उभ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरूनच सांगतं, पाणी तिच्या कुठवर आलं ते, तेच आपलं वाफांचं माप: पाय, गुडघा, कंबर, छाती, बुडाला. कॅप्सूलच्या रात्रींना गोल. डाग पडला तर फुली.

दहा आठवड्यांनी आपण दोघी चष्मे लावून बसलो. गोलांच्या रात्री झोप छान, कारण त्या कॅप्सूलने गुंगी येते, म्हणून तर ती झोपतानाच घ्यायची. पण रडण्याचे दिवसही त्याच गोलांमध्ये. मेथीची जुडीसुद्धा! आणि वाफांचा जोर कायम सकाळी. तुम्ही सहज विचारलंत, जेल कधी लावतेस? आंघोळीच्या आधी, म्हटलं. तुम्ही कपाळावर हात मारलात. लावल्यावर पाच मिनिटं वाळू द्यायचं, तासभर पाणी लावायचं नाही, आणि मी रोज घासून धूत होते. नाशिक महानगरपालिकेच्या गटारींना दहा आठवडे इस्ट्रोजेन मिळालं असणार.

तेच कॅलेंडर गुंडाळून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पुढे जेलची मात्रा थोडी वाढवली. कॅप्सूल बंद करा म्हणून मी हट्ट केला, तर त्यांनी आणि तुम्ही एकाच सुरात नाही म्हटलं: पिशवी आहे तोवर एकटं इस्ट्रोजेन द्यायचं नाही, आतलं अस्तर वाढत जातं आणि तिथे कर्करोगाची भीती. रडण्याचे दिवस कुठले हे आधी माहीत असलं की तेवढे दिवस मी बाजारात ह्यांना पाठवते. सुरुवातीच्या तीन-सहा महिन्यांत डाग चालतात, त्यापुढे पडले किंवा अंगावर जास्त गेलं तर लगेच दाखवायचं, हे तुम्ही कॅलेंडरच्या मागेच लिहून ठेवलंत, लाल पेनाने.

सगळं छान झालं असं लिहिणार नाही. या श्रावणात धरणातून पाणी सोडलं, अर्धं गाव होळकर पुलावर पूर बघायला गेलं, आणि मी घरी पंख्याखाली, छातीपर्यंत. पण ट्यूब कचऱ्यात गेली नाही. सकाळी ह्यांनी चहा ढवळत विचारलं, "आज कुठवर?" बावीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्या तब्येतीबद्दल स्वतःहून विचारलेला हा बहुधा तिसरा प्रश्न. म्हटलं, उतरतंय, कंबरेवर आलंय.

मार्चपासून कॅश एकदाही कमी आलेली नाही. आमच्याकडच्या शिपाईमावशी परवा काउंटरपाशी उभ्या राहून पदराने वारा घेत होत्या. मी तुमच्याच सुरात विचारलं, "वाफा येतात का?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना तुमच्याकडे पाठवते आहे, आधी सांगून ठेवते. कॅलेंडर त्यांचं त्या आणतील.

रविवारी बी.पी. मोजायला खाली येते. चहा टाकू नका, गरम प्यायलं की अजून चढतं. ताक असेल तर चालेल.

तुमची,
वरच्या मजल्यावरची