चुगली

शार्लट, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सात महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. तब्येत बरी आहे, शुगर काठावर, गुडघा कुरकुरतो. झालं.

लिहायला बसलो ते पोरासाठी. तो लेजंड्स गाडी चालवतो हे तुला माहीत आहे: दिसायला जुन्या फोर्डचं पिल्लू, आत मोटरसायकलचं इंजिन. गेल्या शनिवारी मागून धक्का बसला आणि भिंतीवर गेला. बाहेर आला, हेल्मेट काढलं, अंगठा दाखवला. मीही अंगठा दाखवला, मूर्खासारखा. रात्री जेवताना बघतो तर पठ्ठ्यानं डोळे अर्धे मिटलेले, म्हणतो दिवा बारीक करा. आणि आमटी वाढून झाल्यावर परत विचारलं, "आज आमटी नाही?" मी नुसता बघत राहिलो, तर हळूच म्हणाला, "बाबा, आईला सांगू नका."

लेका, तूच आठवलास. सेमीफायनल. पकडीत तुझं डोकं त्या दांडग्याच्या गुडघ्यावर आपटलं आणि मध्यंतरात तू मला तीनदा विचारलंस, स्कोअर किती. मी जाऊन तात्यांना सांगितलं. त्यांनी तुला बसवलं, आपण दोन गुणांनी हरलो, आणि पुढं वर्षभर तू मला चुगलखोर म्हणत होतास. माझ्या सायकलची हवा कोण सोडायचं तेही मला ठाऊक आहे. गंमत म्हणजे तात्या स्वतः बोट मोडलेलं असताना फायनल खेळलेले, आणि तो फोटो तुमच्या हॉलमध्ये, देवांच्या शेजारी!

इथं अर्ध्या तासावर कनापोलिस आहे, एके काळचं कापडगिरणीचं गाव. शर्यतीत गाड्या पळवणारं अर्नहार्ट घराणं तिथलं. आजोबा राल्फ गिरणीतनं सुटून गाड्यांवर घर चालवायला लागले, नास्कार म्हणजे इथल्या मोटारशर्यतींची मोठी संघटना, तिच्या स्पोर्ट्समन गटाचे 1956 चे विजेते, 1973 मध्ये पंचेचाळिशीत हृदयविकारानं गेले. पोरगा डेल नववीत शाळा सोडून यातच पडला आणि सात वेळा नास्कारचा विजेता झाला. 1996 मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर आपटून छातीचं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं, तरी दोन आठवड्यांनी वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीत गडी सर्वांत वेगवान फेरी मारून पहिल्या जागेवरनं सुटला.

त्याचा लेक ज्युनियर. बापाच्या शोरूममध्ये गाड्यांचं ऑइल बदलणारा पोर. 18 फेब्रुवारी 2001, डेटोना, शेवटची फेरी. पुढच्या दोन्ही गाड्या बापाच्या मालकीच्या, दुसरी लेक चालवत होता. मागं बापाची गाडी भिंतीवर गेली. लेक दुसरा आला, बाप गेला. जुलैत त्याच ट्रॅकवर लेक जिंकला. नंतर डेटोना 500 ही मोठी शर्यत दोनदा, एकूण 26 विजय, सलग 15 वर्षं लोकांचा सर्वांत लाडका चालक. वरच्या मालिकेत बापाची सात विजेतेपदं, तिथं त्याचं एकही नाही, आणि हे त्याला ऐकवल्याशिवाय लोकांना चैन नसायची.

2012 मध्ये कॅन्ससला चाचणीत आपटला, डोक्याला लागलं, गप्प बसला. ऑक्टोबरात टॅलाडेगाला परत लागलं तेव्हा आपणहून डॉक्टरकडे गेला आणि दोन शर्यती बसला. नंतरही दुखणं लपवायचा, पण फोनमध्ये लिहून ठेवायचा: आज काय होतंय, कसं होतंय. का, तर आपलं काही बरंवाईट झालं तर कुणाला तरी कळावं! 2016 मध्ये 18 शर्यती घरी बसला, 2017 च्या शेवटी पूर्णवेळ गाडी चालवणं थांबवलं.

आता खरं सांगतो. वॉटकिन्स ग्लेनची गोष्ट पोराला मी किती वेळा सांगितली असेल! मोडकी हाडं, पहिली जागा, सगळं रंगवून, तात्यांच्या बोटासकट. फोनमधल्या नोंदींचं मात्र एकदाही बोललो नाही. मला ते माहीत नव्हतं असं नाही, पण त्यात मजा काय सांगायची?

त्याच रात्री हिला सांगितलं. तिनं आधी मला झापलं, मग त्याला घेऊन आम्ही दवाखान्यात. सोमवारी मी शर्यतवाल्यांनाही कळवलं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी बंद. तेव्हापासून हा माझ्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तरी आईकडून मागवतो. मी समोर बसलेलो असतो आणि मीठ माझ्याच हाताशी असतं.

तुझं काय? थोरलीची ॲडमिशन झाली का? वरच्या मजल्याचा स्लॅब पडला का? तात्यांचा फोटो अजून तिथंच आहे का? वहिनींना नमस्कार.

आणि एक सांग. त्या वर्षी तू परत माझ्याशी बोलायला लागलास ते नेमकं कशामुळं? मला एवढंच आठवतंय की रंकाळ्यावर तू भेळ मागितलीस आणि पैसे मी दिले. इथं तसली भेळ मिळत नाही.

तुझा,
बाळ्या