मनू, तुझ्या रूममेटचं मला पटतंय

प्रिय मनू,

परवा फोनवर तू इतकी चिडली होतीस की मी काही बोललोच नाही, पण ते डोक्यातून जातच नाहीये म्हणून आज लिहायला बसलोय. तुझं म्हणणं असं की स्क्विड गेम, म्हणजे कर्जात बुडालेली माणसं बक्षिसासाठी लहानपणीचे खेळ जिवावर खेळतात ती कोरियन सिरीज, सगळ्या जगाने डोक्यावर घेतली आणि तिथे सोलमध्ये तुझी कोरियन रूममेट नाव काढलं तरी तोंड फिरवते, म्हणून तू तिला बोललीस की तुला तुझ्या देशाची कदर नाही. बेटा, हे तू बोलायला नको होतंस.

तुला आठवतंय ना, मी रांजणगावच्या प्लांटला अकरा वर्षं कोरियन साहेबांच्या हाताखाली काढली. सिरीज आली सप्टेंबर २०२१ ला, आणि दिवाळीच्या आधी आमच्या बुजांगनिमनी, म्हणजे विभागप्रमुख साहेबांनी, मला गेस्ट हाऊसवर जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर त्यांनी सिरीजमधल्या खेळातली ती साखरेची चकती करून दाखवली. स्टीलच्या पळीत साखर, खाली गॅस एकदम बारीक, विरघळून मधासारखी झाली की चिमूटभर खायचा सोडा आणि काडीने भराभर ढवळायचं, मग ते भसकन फुगतं आणि पिवळट होतं, ते ताटलीवर ओतून वाटीच्या बुडाने दाबायचं आणि वर आकाराचा ठसा. शाळेच्या गेटबाहेर एक म्हातारी विकायची म्हणाले, सुईने आकार न मोडता निघाला की दुसरी फुकट. मी विचारलं, सिरीजमध्ये नायक गी-हुन ती चाटून चाटून काढतो तसं खरंच करायचात का, तर लहान मुलासारखे हसले, सगळेच करायचे म्हणाले.

मग त्यांनी टीव्हीवर पाचवा भाग लावला. त्यात गी-हुनला रात्री जुना कारखाना आठवतो, बॅरिकेड, पोलीस, डोळ्यासमोर मारलेला सोबती. तिथे त्यांनी आवाज बंद केला आणि नुसते बघत बसले. मला वाटलं रडतायत की काय. मी त्यांना इतक्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं.

तो कारखाना खरा आहे गं. सिरीजमध्ये नाव ड्रॅगन मोटर्स, खरी कंपनी सांगयाँग, म्हणजे दोन ड्रॅगन, प्याँगटेक गावात. २००९ मध्ये २,६४६ लोकांना काढायचं ठरलं, कामगार आत कोंडून बसले, ७७ दिवस. पाणी तोडलं, वरून हेलिकॉप्टरने अश्रुधुराचं पाणी ओतलं. कामावरून काढणं म्हणजे खून, अशी त्यांची घोषणा होती आणि ती पुढे खरीच ठरली, काही वर्षांत ते कामगार आणि त्यांच्या घरचे मिळून तीसच्या आसपास माणसं गेली, कोणी आत्महत्या, कोणी आजारपणात. २०११ मध्ये आपल्या मुंबईच्या महिंद्राने ती कंपनी घेतली आणि शेवटचे ११९ जण परत घ्यायचा करार व्हायला २०१८ उजाडलं. दिग्दर्शक ह्वांग डाँग-ह्योकने स्वतः सांगितलंय की गी-हुन तिथून आलाय. आता तूच सांग, ज्याच्या घरात हे घडलं तो हे पॉपकॉर्न घेऊन कसं बघणार.

ह्वांगने ही गोष्ट २००८-०९ लाच लिहिली होती, तेव्हा तो स्वतः कर्जात, लिहिता लिहिता लॅपटॉप विकावा लागला. निर्माते म्हणाले असं कुठे असतं का, फार क्रूर आहे, खोटं वाटतं. दहा-बारा वर्षांनी कोणालाच खोटं वाटेना, कारण तोपर्यंत तिथलं घरगुती कर्ज देशाच्या जीडीपीच्या पुढे गेलं होतं. खेळात ४५६ माणसं आणि बक्षीस ४,५६० कोटी वॉन, म्हणजे एका जिवाचे १० कोटी. आपण तो आकडा ऐकून वॉव म्हणतो, तिथला माणूस आपल्या हप्त्याशी ताडून बघतो. तरुण पोरं देशाला हेल जोसन म्हणतात, जोसन म्हणजे त्यांचं जुनं राज्य, तेच आता नरक झालंय अशा अर्थाने. तुझी रूममेट त्याच वयाची आहे.

आणि सबटायटलमध्ये किती काय गळतं! खेळातला पाकिस्तानी कामगार अली सगळ्यांना साजांगनिम म्हणतो, म्हणजे मालक, कारण कारखान्यात परदेशी कामगाराला तेवढंच शिकवलेलं असतं. गी-हुनचा लहानपणीचा मित्र सांग-वू त्याला म्हणतो मला ह्युंग म्हण, मोठा भाऊ. मग गोट्यांच्या खेळात त्याच तोंडाने त्याचा घात करतो. कोरियन माणसाला तो एक शब्द बदललेला ऐकू येतो म्हणून तो सीन त्याला आपल्यापेक्षा जास्त लागतो. आमच्या बुजांगनिमनी मला ह्युंग म्हणायला सांगितलं ते नोकरीच्या नवव्या वर्षी, आणि मला दोन दिवस जीभच वळेना, म्हणून मला ते कळतं. बाय द वे, अली झालाय तो अनुपम त्रिपाठी दिल्लीचा, २०१० ला तुझ्यासारखाच तिथे शिकायला गेलेला.

सांग-वूचं पण बघ, सोलमधल्या सांगमुन-डाँग वस्तीची शान, सोल नॅशनल युनिव्हर्सिटीत गेलेला, आई बाजारात मासे विकते आणि मुलगा परदेशी गेलाय असं सांगते, तो कर्जात बुडालाय हे तिला माहीतच नाही. ह्वांग त्याच भागात वाढला, त्याच युनिव्हर्सिटीत शिकला. आपल्याकडे अमक्याचा मुलगा आयआयटीत गेला म्हणतात ना, अगदी तस्संच. मला त्या आईचं फार वाईट वाटलं. तुझ्या लोनचं मी कधी तुझ्याशी बोललो नाही पण तुझ्यावर काही दडपण असेल तर सांगत जा, मासेवालीसारखं मला शेवटी कळायला नको.

तिथल्या लोकांच्या दुसऱ्या तक्रारीही आहेत, म्हणजे बायकांची पात्रं अशी का, रडारड फार, असले जीवघेणे खेळ जपानी कॉमिक्समध्ये आधीच होते, खेळ बघायला आलेले ते मुखवटेवाले गोरे व्हीआयपी कसे बोलतात, आणि एवढा पैसा मिळवला तो सगळा नेटफ्लिक्सने नेला. त्यांना अभिमान नाही असं मुळीच नाहीये, २०२२ ला अमेरिकेतले एमी पुरस्कार मिळाले तेव्हा तिकडे काय आनंद झाला होता. पण अभिमानाच्या नशेलाही त्यांच्याकडे एक शब्द आहे, गुकपोंग, आणि ती चढू नये म्हणून ते एकमेकांना टोकतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये सोलला कामगारांचा मोठा संप झाला, त्यात लोक त्याच सिरीजचे पोशाख घालून रस्त्यावर उतरले. आपण ते कपडे हॅलोविनला घातले, त्यांनी संपाला घातले.

म्हणून म्हणतो, तिला सॉरी म्हण आणि तिच्या घरी कोण काय करतं ते विचार, सिरीजबद्दल नको. ती तुझ्याहून मोठी आहे ना दोन वर्षांनी, मग तू तिला अजून नावाने हाक मारतेस का? उन्नी, म्हणजे ताई, म्हटलेलं चालेल का ते आधी तिलाच विचार, आपणहून सुरू करू नकोस. आईने भाजणी पाठवलीय, चकल्या केल्यास तर तिलाही दे, फार तिखट करू नकोस.

तुझा,
बाबा